अळवाची जागा दाव्यात लिहिली का?



मागच्या बैठकीत मी उठून म्हटलं की दाव्याच्या नकाशात अळवाची जागापण दाखवायला पाहिजे. सगळे हसले. एक काका म्हणाले, "पोरी, इथं जमिनीचं चाललंय, तू भाजीचं काय काढलं?" बाया हसल्या नाहीत, पण बोलल्यापण नाहीत. शेवटची एसटी गाठायची होती म्हणून विषय तिथंच राहिला. तो आता इथं लिहिते. पत्रकात कुणी मध्येच खाली बस म्हणत नाही.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल.

आमची वस्ती मिरजगावपासून पायी तासाभरावर, वनखात्याच्या माळाला लागून. अकरा घरं, सगळी भिल्लांची. वनहक्काचे अर्ज भरायचे होते तेव्हा वस्तीवर बारावी झालेली मी एकटीच. म्हणून अकराच्या अकरा अर्ज मी लिहिले. अक्षर नीट, कागद सगळे जोडलेले, कुठं खाडाखोड नाही. मला लई अभिमान वाटला होता. वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात जमिनीच्या ठिकाणी दोन गोष्टी विचारल्यात. एक, राहण्यासाठी किती जागा ताब्यात आहे. दोन, स्वतः कसण्यासाठी किती. मी दुसऱ्या जागी बाजरीचं आणि हुलग्याचं रान लिहिलं, ज्याचं जेवढं असेल तेवढं. पहिल्या जागी घराच्या चार भिंती लिहिल्या. काही अर्जांत तर नुसती रेघ मारली, कारण घरातला कर्ता म्हणाला, "झोपडं काय मोजायचं?"

घर आणि रान यांच्या मधली जागा मी कुठंच लिहिली नाही. तिथं न्हाणी आहे, पावसाळ्याची चूल आहे, शेळ्यांचे खुंटे आहेत, शेवग्याचं झाड आहे, आणि न्हाणीच्या पाण्यावर आजीचं अळू आहे.

पुढं चर खणायचं मशीन आलं. कुणाचं ते इथं लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मशीनवाल्याजवळ नकाशा होता. रानाला त्यानं हात लावला नाही. घराच्या मागून मात्र चर काढला, सरळ अळवातून. आई आडवी गेली तर त्यानं नकाशा दाखवला. त्यात ती जागा नव्हती. आणि ती नव्हती ती माझ्यामुळं. आजी काही बोलली नाही. टोपली घेऊन चरातल्या मातीतून कंद वेचत बसली.

आता अळवाकडं येते.

अकोल्याच्या डांगाणातल्या माणसांना यात काय नवल वाटणार नाही. तिकडं घाटघर-रतनवाडीला पाऊस पडतो तो आमच्याकडं चार-पाच वर्षांत मिळूनपण पडत नसेल. तिकडं ओढ्याच्या कडंनं अळू आपोआप येतं. आमचा कर्जत तालुका म्हणजे पर्जन्यछायेतला. माळ, कुसळी गवत, हरणं आणि धूळ. सीनेचं धरण निमगाव गांगर्ड्याला आहे, पण त्याचं पाणी माळावर चढत नाही. अळू हे पाण्यातलं पीक. मग ते आमच्यात आलं कसं? तर सांडलेल्या पाण्यावर आलं. अंघोळीचं, भांड्याचं, हातपाय धुतलेलं पाणी. बाई हंडा डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालते, ते पाणी एकदा वापरून जमिनीत सोडून द्यायला तिचा जीव होत नाही. म्हणून न्हाणीच्या तोंडाशी दगड रचायचे, हातभर पाट काढायचा, आणि पुढं अळवाचा वाफा. आमच्याकडं ज्या घरामागं अळू हिरवं दिसतं त्या घरात माणसं राहतात एवढं नक्की समजायचं. बाजरी पेरून माणूस निघून जाऊ शकतो. अळवाला रोजचं पाणी लागतं, म्हणजे रोज अंघोळ करणारं, रोज भांडी घासणारं माणूस तिथं लागतं.

आजी 72 च्या दुष्काळाचं सांगते. तेव्हा ती नवी नवरी होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची. न्हाणीला पाणी कुठलं, प्यायलाच नव्हतं. अळू सगळं वाळून गेलं. तिच्या सासूनं पाच-सहा कंद काढून पाण्याच्या रांजणाखाली मातीत पुरून ठेवले. रांजण पाझरतो, तेवढ्या ओलीवर ते कंद जगले. आता आमच्या वस्तीवर जे काळ्या देठाचं अळू आहे ते सगळं त्या पाच-सहा कंदांचं. "माणसानं पाणी प्यायचं, आन रांजणानं आळवाला पाजायचं," आजी म्हणते.

गावातली माणसं आम्हाला म्हणायची, अजूनही म्हणतात, की भिल्लाचं बिऱ्हाड म्हणजे अळवावरचं पाणी, आज इथं उद्या तिथं. म्हण बरोबर आहे, पानावर थेंब टिकत नाही, हाताला लागतो ना लागतो तोवर घरंगळतो. पण म्हण करणाऱ्यानं पानाखाली उकरून बघितलेलं दिसत नाही.

आता लावायचं कसं ते, कारण पुष्कळ पोरींना येत नाही. मलापण येत नव्हतं, चार वर्षं कॉलेजच्या गाडीनं जा-ये करण्यात गेली.

बियाणं म्हणजे अळकुड्याच. लिंबाएवढ्या, डोळा शाबूत असलेल्या निवडायच्या. सुरकुतलेल्या, मऊ पडलेल्या नकोत. पाण्याची सोय असेल त्यांनी शिमग्याला लावावं. आपल्यातले बरेचजण तेव्हा उसाच्या फडात असतात, म्हणून मिरगाचा पाऊस झाला की लावायचं. चार बोटं खोल, डोळा वर, दोन कंदांत दीड ते दोन फूट जागा. शेणखत कुजलेलं घालायचं, कच्चं घातलं तर कंदाला हुमणी लागते. दीड-दोन महिन्यांत, म्हणजे नागपंचमीच्या आसपास, पानं खुडायला येतात. सगळी ओरबाडायची नाहीत. मधलं कोवळं सुरळीचं पान आणि खालची दोन ठेवायची, नाहीतर कंद भरत नाही. महिन्यानं एकदा खुरप्यानं बुडाला मातीची भर द्यायची. पानं पिवळी पडून खाली लोळायला लागली की कंद तयार. साधारण पाच-सहा महिने. कोयता घेऊन जाणाऱ्यांना दिवाळीच्या अलीकडंच काढावं लागतं, तेव्हा जरा बारीक निघतात, पण निघतात.

गंमत म्हणजे काळविटानं अळवाला तोंड लावलेलं मी तरी पाहिलं नाही. बाजरी, मटकी रात्रीत साफ करतात. शेळी एकदा हुंगून चावते आणि परत फिरत नाही.

पाण्याबद्दल एक सांगायचं. पूर्वी भांडी राखेनं घासायचे, अंगाला साबण क्वचित. आता कपड्याच्या पावडरीचं फेसाळ पाणी वाफ्यात गेलं तर पानं कडेनं करपतात. कपड्याचं पाणी वेगळं काढा. आणि संडासाचं पाणी चुकूनसुद्धा जाऊ देऊ नका. मोठ्या गावात गटारीच्या कडंला छत्रीएवढी पानं दिसतात, बाजारात जुडी करून विकायलाही येतात. पान किती मोठं यापेक्षा ते कुठल्या पाण्यावर वाढलं ते बघा.

जाती आमच्यात दोन मानतात. हिरव्या देठाचं ते भाजीचं, काळ्या-जांभळ्या देठाचं ते वडीचं. काळं कमी खाजतं असं आजीचं म्हणणं. खाज का येते तर अळवात कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे सुईसारखे बारीक कण असतात, ते घशाला, जिभेला, हाताला टोचतात. त्यावर उपाय दोन आणि दोन्ही म्हाताऱ्यांना ठाऊक होते. भरपूर शिजवायचं, आणि चिंच किंवा ताक घालायचं. चिरताना हाताला तेल लावायचं. अर्धवट शिजलेलं वाढलं तर पाहुणा परत येत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं बेतानं खावं.

भाजीचं आमचं साधं असतं. लग्नाच्या पंगतीत जे गोड फदफदं वाढतात, त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, गूळ, ते आपल्या घरात रोज परवडत नाही. आमच्याकडं पानं आणि सोललेले देठ चिरून, मूठभर तुरीची डाळ घालून गदगदून शिजवायचं, रवीनं घोटायचं, हुलग्याचं पीठ ताकात कालवून लावायचं, वरून लसूण-मिरचीची फोडणी. बाजरीच्या भाकरीबरोबर चार माणसांचं जेवण होतं. ताक नसेल तर चिंचेचा कोळ, चिंच माळावर आहेच. नुसते देठ उरले तर ते वाफवून, पिळून, दह्यात कालवायचे.

वडी सणाची. पानाची मागची शीर सुरीनं तासून काढायची, लाटण्यानं दाबायची, म्हणजे पान फाटत नाही. बेसन महाग वाटत असेल तर निम्मं बाजरीचं पीठ घाला, वडी जरा खरखरीत होते, पण चव चांगली. पीठ चिंच-गुळाच्या पाण्यात तिखट-मीठ-तीळ घालून सरबरीत भिजवायचं, पानाच्या उलट्या बाजूला फासायचं, पानावर पान ठेवून चार-पाच पानांची घट्ट गुंडाळी करायची. पातेल्यात पाणी, वर चाळण, त्यात गुंडाळ्या अर्धा तास वाफवायच्या. गार झाल्यावर कापायच्या, तव्यावर थोड्या तेलात परतल्या तरी झालं. तळायलाच पाहिजे असं काही नाही.

अळकुड्या सगळ्यात सोप्या. उकडायच्या, साल सोलायची, मीठ-तिखट. थंडीत चुलीच्या आरात पुरून भाजल्या तर पोरं भाकरी मागत नाहीत. दिवाळीनंतर टोळी निघते तेव्हा आई अर्धी गोणी अळकुड्या गाडीत टाकते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत हातात पैसा नसतो, फडातून रात्री कोपीवर परत आलं की भाजी आणायला कोण जाणार? अंधारात उकडून सोलून खाल्लेल्या अळकुड्यांवर मी मोठी झाले, हे मी कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते का सांगितलं नव्हतं, यावरपण बोलायला पाहिजे. शाळेच्या पुस्तकात आदिवासी म्हटलं की "कंदमुळं खाऊन राहतात" असं वाक्य असायचं आणि अख्खा वर्ग माझ्याकडं बघायचा. तेव्हापासून आपल्या पोरांना कंदाची लाज वाटते. बाहेरून शिकून आलेला पोरगा घरात अळकुड्या बघून म्हणतो, अजून हेच का. आणि तोच पोरगा हॉटेलात अळूवडीची प्लेट मागवतो. दुसऱ्या बाजूला काही शहरातले लोक येतात, त्यांना आपण कंद खातो याचंच लई कौतुक. त्यांना वाटतं आपण रानातून उचलतो आणि खातो, मेहनत काहीच नाही. दोघांचंही चुकतं. आमचं अळू रानातून उचललेलं नाही. कंद जपलेला, पाणी वळवलेलं, दगड रचलेले, भर दिलेली. ती शेतीच आहे, फक्त बाईच्या हातची आहे आणि नांगराशिवायची आहे.

नांगराशिवाय, हे मी मुद्दाम लिहिलं. भाद्रपदात ऋषिपंचमी येते, तेव्हा गावातल्या बायांचा उपवास असतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा त्यांचा नेम. हातानं लावलेलं, परसातलं, तेवढंच चालतं. त्या दिवसाच्या भाजीत अळू लागतंच लागतं. आमच्या वस्तीवर वर्षभर न येणाऱ्या बाया आदल्या दिवशी अळू मागायला येतात. आजी देते. पैसे घेत नाही, पण उंबऱ्याच्या आत येऊन पाणी प्यायला लावते. तर गावाच्या धर्मालासुद्धा माहीत आहे की नांगर न फिरवता पिकवता येतं. मोजणीच्या वेळी मात्र आपणच नांगराखालची तेवढी जमीन दाखवतो आणि बाकीची पडीक समजतो.

अकोल्याच्या शिबिराला गेले होते तेव्हा डोळे उघडले. तिकडच्या ठाकर आणि महादेव कोळी बायांनी पावसाळ्यातल्या भाज्या मांडल्या होत्या, त्यात अळवाचेच कितीतरी प्रकार. एक रानातलं, एक बांधावरचं, एक झाडाच्या खोडावर वाढणारं रुखाळू. एका मावशीनं बजावून सांगितलं, रानात अळवासारखं दिसेल ते उपटून आणायचं नाही, त्यात न खायचंपण असतं, ओळखणाऱ्या बाईबरोबर दोन पावसाळे हिंडल्याशिवाय हात लावू नये. ही सूचना सगळ्यांसाठी लिहिते. त्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, परसबागा उभ्या केल्या, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेली बाई. ही बातमी आली तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ पुरुषांनी अभिमानानं फोटो पुढं पाठवले. पण परसबागेला जागा लागते, आणि ती जागा कुणाच्या नावावर आहे, हे त्या फोटोखाली कुणी लिहिलं नाही.

म्हणून आता कायदा काय म्हणतो ते.

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. कायद्यात शब्द आहे राहण्यासाठी किंवा उपजीविकेसाठी स्वतः कसण्यासाठी. "नांगरलेली" असा शब्द कुठंही नाही. घरामागचा वाफा राहण्यात धरा नाहीतर कसण्यात धरा, दोन्हीत बसतो. फक्त धरा.

पुरावा काय द्यायचा, असं विचारतात. नियम 13 वाचा. सरकारी कागद चालतात, तसंच जमिनीवर जे दिसतं तेपण चालतं. घर, झोपडी, आणि जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा, म्हणजे सपाटीकरण, बांध, बंधारे असलं सगळं. न्हाणीचे रचलेले दगड, पाट, वाफ्याचा ताल हे यात येतं. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलेलंसुद्धा चालतं. तेव्हा शेजारच्या आजीला विचारा की अमक्याच्या घरामागं अळू कधीपासून आहे. म्हाताऱ्या बायांना साल सांगता येत नाही, पण कुणाच्या बाळंतपणात कुणाच्या वाफ्यातली पानं नेली, ते बरोबर सांगतात. त्यावरून साल काढता येतं. एकच पुरावा लावून गप्प बसू नका, एकापेक्षा जास्त लागतात.

उसतोडीला जाणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. सहा महिने दाराला काटी लावलेली असते, मग कुणीतरी लिहितं की इथं वस्ती नाही, हंगामी आहे. अळवाचा वाफा जुना असेल तर तो सांगतो की माणसं दरवर्षी परत येतात.

अजून दोन गोष्टी. लग्न झालेलं असेल तर हक्क नवराबायको दोघांच्या नावे मिळतो, हे कायद्यातच आहे, कुणाची मेहरबानी नाही. नमुन्यात बायकोचं नाव लिहायला जागा असते, ती रिकामी ठेवू नका. आणि ज्यांच्याकडं रान आहे, त्यांनी हे लक्षात ठेवा की गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळं आणि कंद दोन्ही आहेत. वर्षानुवर्षं गोळा करत आलेल्याला ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आहे. आपण सामूहिक दाव्यात मध, डिंक, तेंदूपान लिहितो, कंद लिहायचे विसरतो.

काही वस्त्या वनखात्याच्या जमिनीवर नाहीत, गायरानावर आहेत. त्यांना हा कायदा तसाच्या तसा लागत नाही. त्यांनी हे वाचून अर्ज करायला धावू नये, आधी सातबारा आणा, त्यावर काय लिहिलंय ते कार्यकर्त्याला दाखवा.

काकांचा मुद्दा होता की गुंठा-दोन गुंठ्यासाठी कशाला डोकं लावायचं. मी आमच्याकडं दोरीनं मोजलं. अळवाचा वाफा 22 फूट लांब, 14 रुंद. गुंठ्याचा तिसरा हिस्सापण नाही. न्हाणी, चूल, खुंटे, शेवगा, अंगण सगळं धरून दोन-अडीच गुंठे. थोडंच आहे. पण आमच्या वस्तीवर रानातून बाजरी तीन वर्षांत एकदा नीट येते, आणि अळवाच्या वाफ्यातून दर पावसाळ्यात भाजी येते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाजी मिळत नाही. पोटुशी बाई, अंगणवाडीतलं पोर, यांना पालेभाजी कुठून आणायची? आणि आमच्याच तालुक्यात 1980 ला रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं, त्याच्या एक वर्ष आधी माळढोकाचं झालं, त्यात आमचा तालुकापण घातला. जनावरांना जागा मिळाली, चांगलं झालं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण पक्ष्याला माळ मोजून देता येतो तर बाईला अडीच गुंठे मोजायला दोरी आखूड पडू नये.

कागदाचं महत्त्व कुणाला कमी वाटत असेल तर 2019 आठवा. 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला की ज्यांचे दावे नामंजूर आहेत त्यांना काढा. 28 तारखेला त्याला स्थगिती आली. ते पंधरा दिवस आमच्या वस्तीवर कुणी नीट झोपलं नव्हतं. जे नकाशात आहे त्यासाठी भांडता येतं. जे आपणच लिहिलं नाही त्यासाठी भांडायला तोंड राहत नाही, हे मी चराच्या कडंला उभी राहून शिकले.

शिबिरात एका साथीनं हवाई बेटांचं सांगितलं, ते मला फार लागलं. ही बेटं प्रशांत महासागरात, आता अमेरिकेच्या ताब्यात. तिथले मूळ लोक अळवाला कालो म्हणतात, कंद उकडून कुटून त्याची पोई करतात, तेच त्यांचं भाकरीच्या जागी. त्यांच्या कथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी त्यांच्या अळवाच्या खाचरांतून वाहायचं. मग उसाचे मळेवाले आले, त्यांनी मोठे पाट खणून ओढेच वळवले. अळवाची खाचरं सुकली, माणसं मळ्यांत आणि शहरांत मजुरीला गेली. त्या लोकांनी कोर्टात, आयोगापुढं वर्षानुवर्षं भांडून काही ओढ्यांत पाणी परत सोडायला लावलं. तिथल्या विद्यापीठानं अळवाच्या तीन वाणांवर पेटंट घेतलं होतं. थोरल्या भावावर मालकी कशी सांगता, असं म्हणून लोकांनी विरोध केला, आणि 2006 मध्ये विद्यापीठानं ती पेटंटं सोडून दिली. आपला कायदाही त्याच सालचा.

सहकारी साखर कारखानदारी आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला सुरू झाली, हे आपण शाळेत पाठ केलंय. उसाला पाणी कुठून जातं आणि ऊस तोडायला कोण जातं, हे पाठ करायला लागत नाही.

आमच्या वस्तीवर आता काय चाललंय ते सांगून थांबते. अकरा घरांपैकी आठ घरांनी सुटलेल्या जागेचा पुरवणी दावा तयार केलाय. वनहक्क समितीला लेखी कळवलंय की जागेवर येऊन बघा. वाफा, न्हाणी, खुंटे, चूल असा हातानं नकाशा काढलाय, बायांनीच काढला, मी फक्त नावं घातली. शेजारच्या वस्तीवरच्या तीन म्हाताऱ्यांची म्हणणी लिहून अंगठे घेतलेत. दावा टिकेल का नाही, मला माहीत नाही. उरलेल्या तीन घरांतले पुरुष म्हणतात, पहिला दावा तरी हातात आहे, उगाच ढोसू नको. त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या बायकांशी मी अजून बोलते आहे.

ज्यांचे अर्ज अजून भरायचेत त्यांनी राहण्याची जागा मोकळी सोडू नका, एवढं माझं ऐका. ज्यांनी पूर्ण जागा मागितली होती पण कमी मंजूर झाली, त्यांनी निर्णयाचा कागद मिळाल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागायची असते, तारीख लिहून ठेवा. माझ्यासारखी लिहायलाच चूक झालेल्यांनी आधी भेटा, कागद घेऊन या.

आजीनं चरातून वेचलेले कंद जगले. न्हाणीच्या दुसऱ्या अंगाला लावलेत, यंदा पानं आली. पुढच्या बैठकीला मी बियाण्याच्या अळकुड्या घेऊन येणार आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी पिशवी आणा. घरटी पाच मिळतील. हिरवं पुरेल इतकं आहे. वडीचं काळं पाहिजे असेल तर आधी निरोप द्या, ते थोडंच आहे आणि आजी मोजून देते.